वीस महिन्यांचा मुलगा चालत नाही, बोलत नाही : देवगडसारख्या ठिकाणी सुरुवात कुठून करावी?

माडाची_सावली | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. माझा मुलगा तेहेतिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन दीड किलो भरले होते, कावीळ वाढली होती आणि एकवीस दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. आता तो वीस महिन्यांचा आहे. बाजेला धरून उभा राहतो, तिच्या कडेकडेने चार पावले टाकतो, पण हात सोडून चालत नाही. 'आ' आणि 'बा' याखेरीज तोंडातून काही निघत नाही. हाक मारली तर कधी वळतो, कधी अजिबात वळत नाही.

सासूबाई म्हणतात, "बोलात गो, तेचो बापूस पण तीन वर्सांनी बोलाक लागलो." त्यांनी नातवासाठी देवळात गाऱ्हाणेही घातले आहे आणि त्यामागची त्यांची माया मला कळते. लसीकरणाच्या वेळी मी दोनदा विचारले, तेव्हा 'कमी दिवसांचे बाळ आहे, वेळ लागणारच' एवढेच उत्तर मिळाले. शेवटी गेल्या आठवड्यात कोल्हापूरला बालविकासतज्ज्ञांना दाखवले. विकासात विलंब आहे, आता थांबू नका, आठवड्यातून तीन दिवस थेरपीला या, असे त्यांनी सांगितले.

यजमान मुंबईला नोकरीला आहेत. पावसाळ्यात करूळचा घाट चढून आठवड्यातून तीनदा कोल्हापूर गाठणे मला एकटीला कसे जमेल? जवळपास काही सोय असते का, घरी किती करता येते, की वर्षभर मुंबईला बिऱ्हाड करावे? ज्यांनी हे पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त_मुख्यसेविका | १२ जून, रात्री १०:५५

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात अंगणवाड्यांवर मुख्यसेविका म्हणून नोकरी केली, म्हणून सरकारी वाट आधी सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच कोकण विभागातल्या पालघरमधून. त्याचे पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करते. जन्मजात व्यंग, कमतरतेचे आजार, इतर आजार आणि विकासातील विलंब अशा चारही बाबी त्यात पाहिल्या जातात आणि पुढील उपचार मोफत असतात. संशय आलेल्या मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे असा विलंब लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवण्याची त्यात तरतूद आहे. तुमच्यासाठी ते ठिकाण ओरोसचे जिल्हा रुग्णालय. जाण्याआधी एक फोन करा आणि कोणता थेरपिस्ट कोणत्या वारी बसतो एवढे विचारून घ्या, कारण सगळी पदे सगळीकडे भरलेली नसतात आणि मुलाला घेऊन दिवस फुकट गेला की दुसऱ्यांदा जायचे बळ राहत नाही.

दुसरी गोष्ट, माता बाल संरक्षण कार्ड बाहेर काढा. लसींच्या तारखा सगळे पाहतात, पण बाळ कोणत्या महिन्यात काय करायला हवे याची चित्रे त्याच कार्डात असतात. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला आशाताईंनी घरी येऊन ती बाळाशी ताडून पाहायची असतात. मी स्वतः नोकरीची पहिली अनेक वर्षे वजनकाट्यापलीकडे पाहिले नव्हते. वजन हिरव्या पट्ट्यात असले की मूल ठीक, अशी आमची समजूत होती. त्या काळात नजरेतून सुटलेली दोन मुले मला आजही आठवतात.

पाऊल_चिपळूण | १३ जून, सकाळी ७:१५

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. मुलाला न पाहता निदान करणार नाही, पण दोन गोष्टी स्पष्ट करते.

कमी दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे असते. तुमचे बाळ सात आठवडे आधी आले, म्हणजे विकासाच्या हिशेबाने ते आज साधारण साडेअठरा महिन्यांचे आहे. 'वेळ लागणारच' या उत्तरात तथ्य आहे ते एवढेच, दीड-पावणेदोन महिन्यांचे. अठरा महिन्यांपर्यंत मूल हात सोडून चालायला हवे आणि अर्थ असलेले काही शब्द त्याच्या तोंडी हवेत. ती सवलत धरूनही तुमचा मुलगा मागे आहे, म्हणून तुम्ही कोल्हापूर गाठलेत ते योग्यच केलेत. मात्र तो बाजेच्या कडेने पावले टाकतो, ही चालण्याआधीची खरी पायरी आहे.

आता घरचे सांगते. चाकांचा गोल वॉकर कोणी भेट दिला असेल तर तो माळ्यावर टाका. त्यात मूल बसल्या बसल्या चवड्यांनी ढकलत राहते, कमरेला काम मिळत नाही आणि उंबऱ्यावरून तो उलटतो. याउलट सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत मिळतो तसा, मागे उभे राहून ढकलायचा पांगुळगाडा चांगला, कारण तिथे मूल स्वतःचे वजन स्वतःच्या पायांवर पेलते. गाडी पुढे पळत असेल तर तिच्यावर दोन किलो तांदळाची पिशवी ठेवा. बाज आणि पेटी यांच्यात आज वीतभर अंतर ठेवा, जमले की दोन विती करा. एक हात सुटल्याशिवाय पलीकडे जाता येणार नाही, एवढेच साधायचे आहे. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर अनवाणीच चालवा.

हर्णैकर | १३ जून, दुपारी १:०५

वरचे सगळे पटले, पण मला तुमच्या एकाच वाक्याने थांबवले : "कधी वळतो, कधी वळत नाही." ताई, कानाची तपासणी झाली आहे का?

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती दीड वर्षाची असताना आम्हीही हेच म्हणत होतो की तिला ऐकू येते, लक्ष देत नाही. कुकरची शिट्टी झाली की ती स्वयंपाकघराकडे पाहायची, बंदरात होडीचे इंजिन सुरू झाले की टाळ्या वाजवायची, मग बहिरी कशी असेल? पुढे कळले की मोठा, जाडा आवाज तिला पोहोचत होता. 'स', 'श', 'त' यांसारखे बारीक आवाज पोहोचतच नव्हते. बोलणे ज्या आवाजांनी बनते त्यातले निम्मे तिच्यापर्यंत आलेच नाहीत, तर ती बोलणार कशी? निदान अडीच वर्षांनी झाले. नियम असा आहे की महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार. आम्ही दोन वर्षे उशीर केला आणि ती दोन वर्षे भरून काढायला पुढची पाच लागली. तुम्ही थेरपीच्या खेपा ठरवण्याआधी कान तपासून घ्या.

माडाची_सावली | १३ जून, दुपारी ३:३०

दादा, जन्मानंतर रुग्णालयातून सोडताना कानाची चाचणी केली होती आणि कागदावर 'पास' असे लिहिले आहे. म्हणून कोल्हापूरलाही मी 'कान तपासले आहेत' असेच सांगितले. आमच्याकडेही कुकरचीच खूण धरली आहे. तुमचे वाचून हातपाय गार पडले.

स्वरमाला | १३ जून, सायंकाळी ६:२०

मी मूळची मालवणची, पुण्यात स्पीच थेरपिस्ट आहे. ताई, घाबरू नका, पण त्या 'पास'वर विसंबू नका. नवजात बाळाच्या कानात छोटी कळी घालून जी चाचणी करतात, ती आतल्या कानाच्या पेशी उत्तर देतात की नाही एवढेच सांगते. तिथून मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का, हे तिच्यात कळत नाही. त्यासाठी बेरा ही चाचणी असते. मूल झोपलेले असताना डोक्याला तारा लावून ती करतात. कमी दिवस, वाढलेली कावीळ, अतिदक्षता कक्षातील मुक्काम यांपैकी एकही गोष्ट असेल तर बेरा करावीच, आणि तुमच्या बाळाला तिन्ही आहेत. शिवाय अशा मुलांत ऐकण्याची उणीव पुढेही निर्माण होऊ शकते. त्यामुळे चूक तुमची नाही, पण तपासणी या महिन्यातच व्हावी.

बोलण्यासाठी घरी काय करावे, तेही सांगते. सकाळी पेज भरवताना पहिला चमचा द्या, दुसरा चमचा त्याच्यासमोर धरा आणि मनात दहापर्यंत मोजत गप्प राहा. तो डोळ्यांनी, हाताने किंवा आवाजाने काहीही मागेल. लगेच "पेज होयी? घे पेज" म्हणून चमचा द्या. आपण आया मुलाने मागण्याआधीच पुरवतो, त्यामुळे त्याला मागायचे कारणच उरत नाही. झोपाळ्यावर "एक, दोन..." म्हणून थांबा आणि तिसऱ्याची वाट पाहा. आवडती वाटी दिसेल पण हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा. मात्र खेळायला काजूच्या बिया, शिंपले, चिंचोके देऊ नका. या वयात ते घशात अडकतात. नारळाची करवंटी, पळी, टोप चालतील.

स्पष्टवक्ता_दापोली | १४ जून, सकाळी ८:५०

क्षमा करा, पण मूळ कारणाविषयी कोणी लिहीत नाही. हल्ली घरोघरी मुलांच्या हाती मोबाईल दिला जातो, म्हणून मुले बोलत नाहीत. आमच्या पिढीत कुठे होत्या थेरप्या?

स्वरमाला | १४ जून, सकाळी १०:१०

काका, मोबाईल दूर ठेवावा हे मी रोज पालकांना सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभरापेक्षा अधिक दाखवू नये. पडद्यासमोर गेलेला वेळ बोलण्या-खेळण्यातून वजा होतो, हे खरे. परंतु सात आठवडे आधी जन्मलेल्या, कावीळ झालेल्या बाळाच्या विलंबाचे खापर मोबाईलवर, म्हणजे अखेरीस आईवर, फोडणे न्यायाचे नाही. तुमच्या पिढीतही अशी मुले होती. ती पडवीत बसून राहायची आणि गाव त्यांना 'खुळा' म्हणायचा.

स्पष्टवक्ता_दापोली | १४ जून, सकाळी ११:३०

माझा धाकटा चुलतभाऊ तसाच होता. आयुष्यभर खळ्यात बसून सुपाऱ्या सोलत असे. त्याला ऐकू येत होते की नाही, हे आमच्यापैकी कोणी कधी तपासले नाही. ताई, मी जे लिहिले ते मागे घेतो.

दादर_ते_लांजा | १४ जून, रात्री ९:००

मुंबईला बिऱ्हाड करण्याविषयी लिहितो, कारण आम्ही ते केले. मुलगी दोन वर्षांची असताना लांजा सोडून कल्याणला एका खोलीत राहिलो. मुंबईत सोयी आहेत, यात वाद नाही. वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे आणि जून २०२१ मध्ये देशभर एकाच वेळी जी चौदा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली, त्यांपैकी एक तिथे आहे. शून्य ते सहा वर्षांच्या मुलाची सर्व प्रकारची तपासणी तिथे एकाच छताखाली होते.

पण खर्चापेक्षा मोठी गोष्ट निराळीच निघाली. पाऊण तासाच्या थेरपीसाठी पत्नी मुलीला घेऊन गर्दीतून साडेतीन तास प्रवास करायची. घरी आल्यावर दोघी इतक्या थकलेल्या असत की सांगितलेला सराव व्हायचाच नाही. गावी आजी, काकी, शेजारची मुले अशी दिवसभर बोलणारी आठ माणसे होती; इथे बंद दार आणि पंखा. सहाव्या महिन्यात थेरपिस्टनीच सांगितले की तुम्ही गावी जा, महिन्यातून एकदा या आणि मी आजीला शिकवते. मुलगी आमच्या खळ्यात पहिल्यांदा दोन शब्द जोडून बोलली. म्हणून माझे मत असे आहे की मुंबई तपासणीसाठी आणि शिकून घेण्यासाठी वापरावी, राहण्यासाठी नाही.

कुडाळची_मावशी | १५ जून, दुपारी २:४०

मी असहमत आहे. माझ्या भाच्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. गावातल्या आठ माणसांनी आठ सल्ले दिले, चार देव सुचवले आणि त्याच्या हात फडफडवण्यावर हसणारेही त्यांतच होते. बहीण पुण्याला गेली तेव्हाच तिला तिच्यासारख्या आया भेटल्या. आठवड्याला मिळणाऱ्या थेरपीच्या तासांएवढाच त्या आयांचा तिला आधार झाला. सगळ्यांचे गाव सारखे नसते.

दादर_ते_लांजा | १५ जून, रात्री ८:२५

हे मान्य आहे. आमच्या आईने साथ दिली म्हणून आम्हाला गाव फळले. निर्णय घेताना घरात खरोखर साथ कोण देणार, हे आधी पाहावे.

नाना_आजोबा | १६ जून, सकाळी ६:३०

माझे वय एकाहत्तर. नातीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा कमी आहे. सुनेने तपासण्यांचा विषय काढला तेव्हा सर्वांत मोठा विरोध माझाच होता, कारण 'आपल्या घरात असे काही नाही' हे वाक्य मी आयुष्यभर अभिमानाने म्हटले होते. एकदा नाइलाजाने मीच तिला घेऊन गेलो. थेरपिस्ट बाईंनी मला खाली सतरंजीवर बसवले, नातीला माझ्या मांडीवर दिले आणि तिची कंबर दोन्ही हातांनी कशी धरायची ते दाखवले. पाच मिनिटांत तिने स्वतःच्या हाताने माझी टोपी काढली. तो हात तोवर उघडलेला मी पाहिला नव्हता. ताई, सासूबाईंना समजावू नका, पुढच्या खेपेला बरोबर न्या.

कागदपत्रे_अलिबाग | १६ जून, दुपारी १२:१५

कागदांविषयी थोडक्यात लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा असून त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे. निदान निश्चित झाले आणि त्यात बसत असेल तर दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) लवकर अर्ज करावा. लहान मुलाला ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देता येते, पुढे फेरतपासणी होते, त्यामुळे 'कायमचा शिक्का बसेल' ही भीती बाळगू नये. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण मिळते आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.

पाऊल_चिपळूण | १६ जून, रात्री १०:००

एक इशारा देते, कारण या टप्प्यावर पालकांना असे फोन येतात. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनने मूल चालेल, बोलेल असे सांगून लाखो रुपये घेणारी माणसे आहेत. स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी ही मान्यताप्राप्त उपचारपद्धती नाही. जमीन गहाण ठेवून गेलेले एक कुटुंब माझ्याकडे परत आले, तेव्हा मुलाचे सरावाचे एक वर्ष त्यात गेलेले होते.

हर्णैकर | ९ जुलै, रात्री ९:३०

माडाची_सावली ताई, बेरा झाली का? आम्ही वाट पाहत आहोत.

माडाची_सावली | २४ जुलै, रात्री १०:४५

सर्वांची क्षमा मागते, उशीर झाला. चाचणीसाठी त्याला पहाटेपासून जागे ठेवा, म्हणजे तिथे झोपेल, असे सांगितले होते. चार वाजता उठवले, एसटीत मी आणि सासूबाई आळीपाळीने त्याला गाणी म्हणून दाखवत होतो. करूळ घाटाच्या वळणांवर आम्हा दोघींना मळमळू लागले आणि तेवढ्यात तो गाढ झोपला. कोल्हापूरला उतरलो तेव्हा पूर्ण ताजातवाना. औषध देऊनही झोपला नाही आणि आम्ही तसेच परत आलो. दुसऱ्या खेपेला आदल्या रात्रीच कोल्हापुरात नात्यातल्या एका घरी मुक्काम केला, तेव्हा चाचणी झाली.

दोन्ही कानांनी मध्यम प्रमाणात कमी ऐकू येते. कागद हातात आला तेव्हा सासूबाईच आधी बोलल्या : "म्हणजे मी हाक मारी तेवा तेका आयकाकच येय नाय." त्या परतीच्या वाटेवर गगनबावड्यापर्यंत गप्प होत्या. आता भरवताना त्या त्याच्या समोर, तोंडाशी तोंड आणून बसतात.

खेपांचा निर्णय असा केला आहे. कोल्हापूरला महिन्यातून दोनदा जायचे आणि दर वेळी पुढच्या पंधरवड्याचा सराव शिकून यायचे. फिजिओथेरपीसाठी ओरोसला आठवड्यातून एकदा. फोन करून वार विचारला होता, त्यामुळे फेरी फुकट गेली नाही. मुंबईला बिऱ्हाड करणार नाही. यजमान रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचे, तो त्यांनी स्वतःहून बंद केला आणि आता दर पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष येतात. बाज आणि पेटी यांच्यातले अंतर आता तीन विती झाले आहे. गेल्या रविवारी दोन्ही हात सुटले, एक पाऊल पडले आणि तो खाली बसला.

श्रवणयंत्रे पुढच्या आठवड्यात मिळतील.

निवृत्त_मुख्यसेविका | २५ जुलै, सकाळी ७:००

त्याच्या पहिल्या पावलाची तारीख त्या कार्डावर लिहून ठेवा. आणि यंत्रे बसल्यावर त्याला अंगणवाडीत जरूर पाठवा. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसे सामावून घ्यायचे, याची कार्यपद्धती केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली आहे. सेविकेने टाळाटाळ केली तर माझ्याशी बोला, मी तिला समजावते.

माडाची_सावली | १६ ऑगस्ट, दुपारी ४:१०

यंत्रे मिळून बारा दिवस झाले. पहिले तीन दिवस त्याने ओढून काढली, एकदा एक थेट पेजेच्या टोपात गेले. आता सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास ठेवतो. काल पाऊस थांबल्यावर पागोळ्या पत्र्याच्या बादलीत पडत होत्या, तेव्हा तो रांगत दारापर्यंत गेला आणि बादलीकडे बोट करून माझ्याकडे पाहू लागला.

एक अडचण आहे. आमच्याकडे या दिवसांत भिंतींनाही ओल येते. कालपासून डाव्या यंत्राच्या नळीत पाण्याचे थेंब दिसतात आणि आवाज मध्येच जातो. कोकणात ही यंत्रे कोरडी कशी ठेवता?

हर्णैकर | १६ ऑगस्ट, सायंकाळी ५:००

ताई, घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलचे मणी घाला, त्यावर जाळीची पिशवी ठेवा आणि रात्री बॅटरी काढून यंत्रे तीत ठेवत जा. निळे मणी ओल शोषून गुलाबी झाले की बदला. बरणी उंच फळीवर ठेवा, ते मणी पोटात जाता कामा नयेत. बटणासारख्या बॅटऱ्या त्याहून धोक्याच्या आहेत. बॅटरीच्या दाराला लहान मुलांसाठीचे कुलूप आहे ना, हे यंत्र बसवणाऱ्यांकडून पाहून घ्या. नळीतले थेंब उडवायला रबरी फुंकणी मिळते. तोंडाने फुंकू नका, त्याने ओल वाढते. यंत्र पडून हरवू नये म्हणून दोरी लावून ती सदऱ्याला मागच्या बाजूने अडकवा, पुढे अडकवलीत तर तो चावेल.

आमच्याकडे एक जादा फुंकणी आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, उद्याच पाठवतो.